हामटा : एका धारेच्या दोन बाजू

हिमाचलमधली हामटा खिंड ओलांडायला जोबऱ्याहून निघतानाच पोंचो अंगावर चढवला होता आणि पुढचे दोन दिवस तो उतरवायची वेळच आली नाही. जुलै संपत आला होता, कुलू खोऱ्यात पावसाळा भरात होता. वाटेच्या दोन्ही अंगांना देवदार, मधूनच मेपल, खोडांवर बोटभर जाड शेवाळ. ज्या नाल्याच्या काठाने चढत होतो, त्याच्या आवाजात आमचं बोलणं बुडून जात होतं.

चिका या मुक्कामाच्या पुढे देवदार मागे पडले आणि भूर्ज दिसू लागला. जुन्या पोथ्या ज्याच्या सालीवर लिहिल्या, तोच हा भोजपत्राचा वृक्ष. कागदासारखी सुटून आलेली साल हातात घेतली, पण जास्त वेळ पाहत राहिलो ते त्याच्या खोडाकडे. उतारावरचं जवळपास प्रत्येक झाड बुंध्याशी वाकलेलं होतं : आधी उताराकडे झुकलेलं, मग कोपरासारखं वळून सरळ वर गेलेलं. हिवाळाभर साचलेला बर्फ उतारावरून अगदी सावकाश सरकतो आणि कोवळ्या रोपांना दाबत खाली ओढतो. तो वितळला की रोप पुन्हा उजेडाकडे उठतं. वर्षानुवर्षं हे चाललं की बाक कायमचा राहतो. बर्फ अजून दूर होता, पण त्याची खूण झाडांनी आधीच दाखवली.

सुमारे ३,६०० मीटरच्या वर झाडं संपली. लाकूड धरायला लागेल एवढा उन्हाळाच त्या उंचीवर मिळत नाही. पुढे नुसतं गवत आणि फुलं. अशा कुरणाला इथे थाच म्हणतात. मेंढरं घेऊन खिंडीपलीकडच्या लाहौलकडे निघालेले एक वयस्कर गद्दी मेंढपाळ तिथे बसले होते. पाऊस कुठपर्यंत आहे, असं त्यांना विचारलं.

"खिंडीपर्यंत," ते म्हणाले. बस, एवढंच.

तिसऱ्या दिवशी खिंडीखालच्या बर्फावर गुलाबी डाग दिसले. बुटाने दाबल्यावर ते आणखी लाल झाले. हे बर्फात राहणारं सूक्ष्म शैवाल. कडक उन्हापासून वाचण्यासाठी ते लाल रंगद्रव्य तयार करतं. ताजा बर्फ ८० टक्क्यांहून जास्त प्रकाश परत फेकतो, पण रंगलेला बर्फ ऊन शोषतो आणि लवकर वितळतो. शेजारच्या दगडांच्या राशीत एक पिका, सशाच्या जातकुळीतला छोटा प्राणी, डोकावून गेला. मुठीएवढा हा जीव शीतनिद्रा घेत नाही. सगळा हिवाळा बर्फाच्या पांघरुणाखाली, दगडांच्या फटींत काढतो. म्हणजे एकाच बर्फाने भूर्जाला वाकवलं आणि पिकाला ऊब दिली. हे मला अजूनही नवलाचं वाटतं.

खिंड सुमारे ४,२७० मीटरवर आहे. मागे वळून पाहिलं तर सगळं पांढरं धुकं. समोर निळंशार आकाश, आणि ६,२२१ मीटरचं इंद्रासन लख्ख उभं. दक्षिणेकडून ढग वर चढत, खिंडीच्या तोंडाशी येत आणि डोळ्यांदेखत विरून जात. वर चढताना हवा थंड होते, तिच्यातलं पाणी अलीकडच्या बाजूलाच पडून जातं. पलीकडे उतरताना ती तापते, कोरडी होते. 'पर्जन्यछाया' हा शब्द शाळेत पाठ केला होता. त्या दिवशी तो पायांखाली होता.

पलीकडच्या सियागोरू मुक्कामाकडचा उतार तीव्र होता. एक नाला ओलांडला, बाकी सगळा दगडधोंडा. खाली चंद्रा नदी राखाडी दिसली, कारण हिमनद्या खडक दळत उतरतात आणि ते पीठ तिच्या पाण्यात येतं. आजूबाजूचे डोंगर उघडे, तपकिरी. तरी लाहौलमध्ये वाटाणा आणि बटाटा पिकतो. इथे मान्सून फारसा पोचत नसला, तरी हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारे वारे भरपूर बर्फ टाकून जातात. उन्हाळ्यात तोच बर्फ वितळून कुहलींतून, म्हणजे लहान पाटांतून, शेतात उतरतो.

छतडूला पोंचो दगडावर पसरला, तो तासाभरात खडखडीत वाळला. दुसऱ्या दिवशी जीपने अटल बोगद्यातून परतलो. ज्या डोंगररांगेला आम्ही चार दिवस दिले, ती ९ किलोमीटरच्या अंधारात काही मिनिटांत मागे पडली. उत्तरेच्या तोंडाशी ऊन होतं. दक्षिणेला बाहेर पडताच ड्रायव्हरने वायपर सुरू केले.