गैरहजर

गणिताचा पेपर सुरू होऊन पाऊण तास झाला असेल. दारात एका पोरीची आई आली. कडेवर लहान पोरगं, खांद्यावर गाठोडं.

"गुरुजी, टॅक्टर भरायलाय. पोरीला सोडा."

मी म्हणालो, "अर्धा तास थांबता का? पेपर चालू आहे."

"म्या थांबंन, मुकादम थांबंना."

पोरगी उठली. शेजारणीचा खोडरबर परत केला, पेन्सिल दप्तरात टाकली आणि पेपर माझ्या टेबलावर ठेवून गेली. २०२३ चा ऑक्टोबर संपत आला होता. पाचवीची संकलित चाचणी होती आणि गावातून ऊसतोडीच्या टोळ्या हलायला लागल्या होत्या.

तिच्या पेपरात शेवटचं गणित अर्धं होतं. ८००३ वजा ४५६७. वरच्या शून्यांवर काट मारून नऊ-नऊ लिहिलेले, एककाच्या घरात ६, दशकाच्या घरात ३. पुढची दोन घरं मोकळी. शून्यातून हातचा घ्यायला शिकवताना माझे दोन आठवडे गेले होते. तिला ते आलेलं होतं, कागदावर स्पष्ट दिसत होतं. तरी नियमाने पुरा न झालेला पेपर, म्हणून यादीत तिच्या नावापुढे मी 'गैरहजर' लिहिलं. तो शब्द लिहिताना मला फार अपराधी वाटलं.

मी बीड जिल्ह्यातल्या एका वस्तीवर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. आमच्याकडे नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उन्हाळ्या-पावसाळ्यातच टोळीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते आणि गळीत हंगाम सुरू झाला की ती फेडायला जावंच लागतं. आईबाप पहाटे उसाच्या फडात गेले की कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत, लहान भावंडाला सांभाळायला कुणीतरी लागतं. ते कुणीतरी म्हणजे माझी पाचवीतली पोरगी. हंगामी वसतिगृहाची सोय आहे, गावातच आजीजवळ राहून मुलांना जेवण मिळतं, पण त्या वर्षी आमच्याकडे ते सुरू होईपर्यंत दिवाळी उलटून गेली होती. तोवर जायची ती मुलं गेली.

आता आकड्यांचं सांगतो, कारण मला ते कधीचं सांगायचं आहे. राज्यभर एकच पेपर, तोही प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजीचा: आधी पायाभूत चाचणी, मग संकलित एक, मग संकलित दोन. ऑगस्टमध्ये पायाभूतला माझ्या वर्गात २४ मुलं बसली. गणिताची सरासरी १८ गुण आली. ऑक्टोबरअखेर १४ मुलं बसली आणि सरासरी २२ झाली. शिक्षण परिषदेत चार गुणांच्या वाढीबद्दल माझं कौतुक झालं, टाळ्या वाजल्या. घरी येऊन मी दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. जी १४ मुलं गावात राहिली, त्यांची ऑगस्टमधलीच सरासरी २१ होती. म्हणजे माझ्या शिकवण्याने वाढला तो एक गुण. उरलेले तीन गुण दहा मुलं ट्रॅक्टरवर बसून गेल्यामुळे मिळाले. या दहाजणांची ऑगस्टची सरासरी १४ च्याही आत होती.

यात कुणी खोटं वागलेलं नाही. पेपर तपासले ते उत्तरसूचीप्रमाणेच, गुण भरले तेही खरेच. पण जी मुलं सगळ्यात मागे, तीच सगळ्यात आधी उसाला जातात. ती गेली की वर्ग आपोआप हुशार दिसायला लागतो.

मोठ्या सर्वेक्षणांच्या तारखाही एकदा काढून बघा. देशभरातल्या मुलांना काय येतं ते तपासणारं राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण झालं १३ नोव्हेंबर २०१७ ला, त्यानंतरचं १२ नोव्हेंबर २०२१ ला आणि त्याच्याही पुढचं, 'परख' नावाचं, ४ डिसेंबर २०२४ ला. हे तिन्ही दिवस ऐन हंगामातले. त्या दिवशी वर्गात जी मुलं असतात त्यांच्यातूनच सर्वेक्षण होतं. कोपीबाहेर भाऊ खेळवत बसलेली माझ्या वर्गातली पोरगी त्यात कुठून येणार? तिच्याच जिल्ह्याचा निकाल लागतो आणि त्यात ती नसते.

चाचण्यांवर वाद निघाला की आमच्यातले निम्मे शिक्षक म्हणतात, हे कागद काळे करणं बंद करा, आम्हाला शिकवू द्या. उरलेले म्हणतात, २०१० पासून नापास करणं बंद झालं, परीक्षेचा धाक गेला आणि पोरं कच्ची राहिली. दोघांच्या बोलण्यात तथ्य आहे. तरी मला चाचणी हवी आहे, आणि का हवी ते मला एप्रिलमध्ये कळलं.

पाडवा झाला तशी ती परत आली. रंग रापलेला, तळहाताला घट्टे, वाचताना जोडाक्षरापाशी अडखळत होती. मी कपाटातून तिचाच ऑक्टोबरचा पेपर काढला. शेवटचं गणित कोऱ्या कागदावर लिहून दिलं आणि म्हणालो, "कर बरं हे." तिनं पटकन केलं. उत्तर आलं ४५६४. वरचा अंक लहान असेल तिथं खालच्यातून वरचा वजा केलेला. हातचा पार विसरली होती. दोन कागद शेजारी ठेवल्यावर मला एका मिनिटात समजलं की हिला पाचवीचं सगळं गणित पुन्हा शिकवायची गरज नाही. हिला दशकाचे गठ्ठे सोडायला पुन्हा दाखवायचं, बस. काड्यांचे गठ्ठे घेऊन बसलो आणि चौथ्या दिवशी ती बरोबर उत्तर लिहायला लागली. ही चाचणी नसती तर मी कुठून सुरुवात केली असती? चाचणीनं मला पोरीचा पत्ता सांगितला. माझं भांडण आहे ते चाचणीची सरासरी काढून पोरीला पुसून टाकण्याशी.

त्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षेचा नियम २०२३-२४ पासून लागू झाला. प्रत्येक विषयात ३५ टक्के हवेत, नाही मिळाले तर पुरवणी परीक्षा, तीही गेली तर त्याच वर्गात. या नियमाचा एक चांगला परिणामही मी पाहिला आहे. एका बापानं मला सांगितलं, "परीक्षा हाय म्हणून यंदा पोराला माझ्या आईपाशी ठेवलंय." ते पोरगं वर्षभर शाळेत आलं. पण त्यानं मुलाला ठेवलं, मुलीला नेलं. मुलगी परत येऊन पंधरा दिवसांत परीक्षेला बसली. पाचवीत नापास झालेल्या मुलीला आमच्या भागात घरचे पुन्हा शाळेत पाठवतील, असं छातीठोकपणे मी तरी म्हणू शकत नाही. तिच्यासाठी स्थळ बघायला किती लवकर सुरुवात होते, ते आम्हाला माहीत आहे.

मला हवंय ते फार मोठं नाही. स्थलांतराला निघणाऱ्या मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून आपण शिक्षण हमी कार्ड देतो. त्याला त्याचा शेवटचा पेपर जोडावा, म्हणजे साखर कारखान्याजवळच्या शाळेतल्या बाईंनाही कळेल की याला काय येतं आणि काय येत नाही. परत आलेल्या मुलाला तीच चाचणी महिन्याभराने देण्याची मोकळीक असावी. आणि शाळेची सरासरी जिथे जिथे छापली जाते, तिथे तिच्या शेजारी किती मुलं बसली नाहीत तो आकडाही छापावा.

माझ्यापुरतं मी एक केलं आहे. निकालाच्या वहीत 'गैरहजर'च्या पुढे पट्टीने एक रकाना आखला आहे, 'कुठे?' असा. यंदाच्या दहापैकी नऊ नावांपुढे कराड, माळशिरस, चिकोडी असं लिहून झालंय. एकाचा रकाना अजून मोकळा आहे. त्याच्या आजीला उद्या शाळा सुटल्यावर विचारायला जाणार आहे.