माचाला साखरेपेक्षा मीठ जास्त मानवतं

माचा म्हणजे जपानी हिरव्या चहाची बारीक पूड. त्याचं नाव काढलं की बहुतेकांना लाटे, केक नाहीतर आइस्क्रीम आठवतं. माझं ऐकाल तर हा चहा स्वयंपाकात पहिल्यांदा वापरताना मिठाबरोबर वापरा. जपानमध्ये तेम्पुराबरोबर, म्हणजे पातळ पिठात बुडवून तळलेल्या भाज्या-मासळीबरोबर, छोट्या वाटीत हिरवं मीठ देतात, त्याला माचा-जिओ म्हणतात. करायला अगदी सोपं. बारीक मीठ कोरड्या तव्यात मंद आचेवर परतून त्यातला दमटपणा घालवायचा, पूर्ण गार होऊ द्यायचं आणि मग दोन भाग मिठात एक भाग माचा मिसळायचा. मीठ कोमट असलं तरी थांबा, नाहीतर रंग उतरतो.

रताळं, लाल भोपळा, कमळकाकडी किंवा मशरूमचा तेम्पुरा कढईतून काढला की लगेच त्यावर हे मीठ चिमटीने भुरभुरायचं. पहिल्या घासाला फक्त खारट लागतं. मग तळणाचा तेलकटपणा मागे पडतो, मीठ माचाच्या कडवटपणाला आवर घालतं आणि जिभेवर एक भरीव, किंचित समुद्री शेवाळासारखी चव रेंगाळत राहते. जपानी लोक जिला उमामी म्हणतात ती हीच. भरपूर साखर पडली की नेमकी हीच चव सगळ्यात आधी बुडते.

या चवीमागे मळ्यातली मेहनत आहे. काढणीआधी साधारण तीन-चार आठवडे झुडपांवर आच्छादन घालून ऊन अडवतात. चहाच्या मुळांत थिआनिन हे चव देणारं अमिनो आम्ल तयार होतं, ते पानांत चढतं आणि उन्हात त्याचं हळूहळू तुरट कॅटेचिन होतं. सावलीत हे मंदावतं, म्हणून पानात गोडसर रसाळपणा टिकतो आणि हरितद्रव्यही वाढतं. मग पानं वाफवतात, न वळता वाळवतात आणि देठ-शिरा काढून टाकतात. या पानांना तेन्चा म्हणतात, आणि ती दळली की माचा. दगडी जात्यावर तासाला जेमतेम ४० ग्रॅम माचा निघतो. क्योतोजवळचं उजी, आइचीतलं निशिओ आणि फुकुओकातलं यामे ही यासाठी नावाजलेली गावं. इतक्या निगुतीने केलेली पूड चार चमचे साखरेत लपवायला माझा हात धजत नाही.

डब्यावर ‘सेरेमोनियल’ (चहा-समारंभासाठी) किंवा ‘क्युलिनरी’ (स्वयंपाकासाठी) लिहिलेलं असतं, पण ही सरकारी प्रतवारी नव्हे, विक्रेते आपापल्या हिशेबाने तसं लिहितात. मी रंग आणि वास बघते. पिवळट, मातकट झाक असेल तर तो माचा जुना तरी असतो, नाहीतर उशिराच्या तोडणीचा. लोणी-दुधाच्या पदार्थांना थोडा कडक, तुरट माचाच बरा, कारण दुधातली प्रथिनं तो तुरटपणा बऱ्यापैकी मऊ करतात. नाजूक, महागडा माचा तिथे दिसेनासा होतो. तो मिठात नाहीतर न शिजवलेल्या पदार्थात घालावा.

वापरण्याआधी चाळणं मात्र कधीच टाळू नका. पूड इतकी बारीक असते की गुठळ्या आपोआप होतात, आणि दुधात पडलेली गुठळी नंतर कितीही घोटली तरी फुटत नाही. बारीक जाळीच्या गाळणीत माचा घ्यायचा, चमच्याच्या पाठीने दाबत वाटीत उतरवायचा, त्यात चमचाभर कोमट पाणी घालून गुळगुळीत लेप करायचा आणि मगच बाकीचं दूध किंवा क्रीम थोडं थोडं मिसळायचं. माचा विरघळत नाही, त्याचे कण फक्त दुधात पसरून राहतात आणि हळूहळू खाली बसतात. म्हणून पान्ना कोटा (क्रीम जिलेटिनने घट्ट करून केलेलं इटालियन गोड) करताना मिश्रण बर्फाच्या पाण्यावर ढवळत दाटसर होऊ द्या आणि मग साच्यात ओता. नाहीतर सगळा हिरवा थर तळाशी बसतो.

गोडात माझा पहिला कौल पांढऱ्या चॉकलेटला. त्यात कोकोचं फक्त लोणी असतं, कोकोची कडवट पूड नसते, त्यामुळे दोन कडू चवी एकमेकींवर कुरघोडी करत नाहीत. १५० ग्रॅम चॉकलेट, ६० मिलिलिटर गरम क्रीम आणि ५ ग्रॅम माचा एवढ्यात सुरेख गनाश, म्हणजे चॉकलेट-क्रीमचं मऊ मिश्रण, होतं. वर मिठाचे दोन-चार जाड कण हवेतच. माझ्या धाकट्या बहिणीला कडू म्हटलं की नको होतं, पण मीठ घातलेलं हे गनाश ती मागून खाते. शॉर्टब्रेड करायची तर ओव्हन १५० अंशांच्या आसपास ठेवा आणि कडा तांबूस व्हायच्या आत बाहेर काढा. जास्त उष्णतेने हरितद्रव्य बिघडतं आणि हिरव्याचं शेवाळी-तपकिरी होतं.

आंबटानेही तेच होतं. लिंबू पिळलेल्या ड्रेसिंगमध्ये माचा घालून ठेवला की थोड्याच वेळात त्याचं तेज जातं. त्याऐवजी पांढरा मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची खारट पेस्ट), भाजलेल्या तिळाची पेस्ट, थोडं पाणी आणि पाव चमचा माचा एकत्र घोटा आणि उकडून घट्ट पिळलेल्या पालकावर घाला. मिसोचा खारट गोडवा, तिळाचं तेल आणि चहा इतके छान जमतात की हा पदार्थ मी गनाशच्याही वर ठेवीन. माचा घातलेले चा-सोबा नूडल्सही याच वाटेचे. उकडून गार पाण्यात चोळून धुवायचे आणि थंडच, सोयासॉसच्या त्सुयू नावाच्या पातळ सॉसमध्ये बुडवून खायचे.

एक सांगायला हवं. इथे आपण पानाचा अर्क घेत नाही, अख्खं पान खातो. दोन ग्रॅम माचात साधारण ६० मिलिग्रॅम कॅफिन असतं. रात्रीच्या जेवणानंतर, विशेषतः मुलांना, माचाचं गोड वाढताना हे लक्षात ठेवा. डबा हवाबंद करून फ्रिजमध्ये ठेवा, पण बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका, नाहीतर आतल्या पुडीला पाणी सुटतं. उघडलेला डबा महिना-दीड महिन्यात संपवा. मागे राहिलेला माचा मी शॉर्टब्रेडलाच वापरते, मिठात घालत नाही.