आमची वाटचाल : ‘पेठ वॉल्डन’मधला आमचा स्टॉल

सांगलीत बाबा हळदीच्या एका अडत दुकानात दिवाणजी होते. सौद्यांचे दिवस सुरू झाले की संध्याकाळी घरी येताना त्यांच्या सदऱ्याची कॉलर, कानाच्या पाळ्या, खतावणीच्या कडा सगळं पिवळं झालेलं असायचं. रविवारी कधी ते आम्हाला हरिपूरला न्यायचे आणि जमिनीच्या पोटात हळद साठवायची पेवं दाखवायचे. माल ओळखायचा तर हळकुंड मोडून आतला गाभा बघायचा, वरच्या पॉलिशवर जायचं नाही, हे मी सातवी-आठवीत असतानाच शिकले. पुढे आपणही पिवळ्या मालाच्याच धंद्यात पडू, तेही इंग्लंडमध्ये, असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर विश्वास बसला नसता.

२०१२ साली यांना केंब्रिजला नोकरी लागली. घर मिळालं ते तिथून पंधराएक मैलांवर, इसेक्स परगण्यातल्या सॅफ्रन वॉल्डन नावाच्या छोट्या गावात. सॅफ्रन म्हणजे केशर. गावाच्या नावातच केशर आहे म्हटल्यावर मी पहिल्याच मंगळवारी पिशवी घेऊन बाजारात गेले. चौकात रंगीत छपरांचे स्टॉल मांडलेले होते. भाजी, मासळी, चीज, फुलं, सगळं होतं. केशर कुठेच नव्हतं. भाजीवाल्याला विचारलं तर तो अगदी सहज म्हणाला, इथलं केशर संपून दोनशे वर्षांच्या वर झाली. त्याच्या आवाजात हळहळ होती. जणू मागच्या पिढीतली गोष्ट सांगत होता. आमच्या धंद्याची सुरुवात मी त्या उत्तरापासून धरते.

या गावाचं जुनं नाव चिपिंग वॉल्डन. जुन्या इंग्रजीत ‘चिपिंग’ म्हणजे बाजारपेठ. आपल्याकडे कोल्हापूरजवळ पेठ वडगाव आहे ना, तसं हे पेठ वॉल्डन. ११४१ साली जॉफ्री द मँडव्हिल या सरदारानं सम्राज्ञी मटिल्डाकडून परवानगी मिळवली आणि शेजारच्या न्यूपोर्ट गावचा बाजार उचलून आपल्या किल्ल्याच्या पायथ्याशी आणला. त्या किल्ल्याच्या गारगोटीच्या भिंती आजही संग्रहालयाच्या बाजूला उभ्या आहेत. बाजार अजून भरतो, मंगळवारी आणि शनिवारी. चौकाच्या बाजूच्या अरुंद बोळांना ‘रोज’ म्हणजे ओळी म्हणतात. खाटकांची ओळ, बाजाराची ओळ अशी त्यांची नावं. आपल्याकडे तांबट आळी, बोहरी आळी असते, तसंच.

आधी हे गाव लोकरीवर जगत होतं. मग सोळाव्या-सतराव्या शतकात केशर आलं आणि गावाचं नावच बदललं. इथली जमीन चुनखडीची, पाणी धरून न ठेवणारी. केशराच्या कंदाला तीच लागते. केशराच्या फुलाला बी धरत नाही, कंदालाच कंद फुटतात, त्यामुळे माणसानं हातानं लावल्याशिवाय हे पीक पुढे जात नाही. उन्हाळ्यात कंद लावायचे. ऑक्टोबरमध्ये जांभळी फुलं येतात, ती सकाळीच खुडायची आणि प्रत्येक फुलातून तीन तांबड्या काड्या निवडायच्या. एक ग्रॅम सुकं केशर व्हायला साधारण दीडशे फुलं लागतात. इथले लोक त्या काड्या छोट्या भट्टीवर दाबून वाळवत आणि त्याच्या वड्या करत. केशर पिकवणाऱ्यांना ‘क्रोकर’ म्हणत. केशर औषधात जाई, स्वयंपाकात जाई आणि रंगातही जाई. गावाच्या मुद्रेवर तटबंदीच्या आत तीन केशरफुलं आहेत आणि सेंट मेरी चर्चच्या दगडी कमानीवरही केशराचं फूल कोरलेलं आहे. मी ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा बराच वेळ मान वर करून उभी होते. फार देखणं आहे.

जवळच्याच रॅडविंटर गावचा पाद्री विल्यम हॅरिसन यानं १५७७ साली इंग्लंडचं वर्णन लिहून ठेवलं. त्यात केशराच्या शेतीची बारीकसारीक माहिती आहे. एका वर्षी अमाप पीक आलं, भाव कोसळले आणि क्रोकर देवालाच शिव्या घालू लागले, असंही त्यानं लिहिलंय. हे वाचून मी बाबांना फोन केला. ते फोनवर खूप वेळ हसले आणि म्हणाले, “अगं, माणूस तोच गं. फक्त पोतं बदललं.”

अठराव्या शतकात हे सगळं आटत गेलं. परदेशातून स्वस्त केशर यायला लागलं, स्वस्त रंग आले, लोकांची चवही बदलली आणि इतकी मजुरी परवडेना. शेतात बार्ली आली आणि गावात बिअरसाठी त्या बार्लीला मोड आणून माल्ट करायची कोठारं उभी राहिली. नाव तेवढं केशराचं राहिलं.

२०१४ च्या मार्चमध्ये आम्ही बाजारात टेबल लावलं. श्रीखंड, चिवडा आणि घरी दळलेले दोन मसाले. परवान्यापेक्षा श्रीखंडाचीच काळजी जास्त होती. दुधाचा पदार्थ आठ अंशांच्या खाली ठेवायचा हा इथला कायदा आहे. अधिकारी बाई घरचं स्वयंपाकघर तपासायला आल्या तेव्हा पंच्यात टांगलेला चक्का बघून त्यांनी वीस प्रश्न विचारले. मी वीसही उत्तरं दिली. पहिल्या मंगळवारी अकरा डब्या गेल्या. त्यातल्या चार यांच्या ऑफिसातल्या लोकांनी घेतल्या होत्या. गाव आमच्याकडे बघत होतं, थांबत नव्हतं.

मग आमच्याकडून एक चूक झाली. डबीवर मी मोठ्या अक्षरांत ‘वॉल्डन केशर श्रीखंड’ असं छापून घेतलं. नाव छान वाटत होतं. एका शनिवारी एक वयस्कर बाई थांबल्या. इथल्याच शाळेत त्यांनी आयुष्यभर इतिहास शिकवला होता. त्यांनी डबी हातात घेतली, चष्मा पुसला आणि विचारलं, “हे केशर वॉल्डनचं आहे?” नव्हतं. लंडनच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडून आणलेलं होतं. त्या चिडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या की या गावानं एका नावासाठी दोनशे वर्षं राबून घेतलंय, ते नाव असं चिकटवू नकोस.

त्या रात्री मला झोप लागली नाही. बाबांच्या दुकानात राजापुरी हळदीच्या पोत्यात दुसरी हळद मिसळणाऱ्याला कसं बघितलं जायचं ते मला आठवत होतं. मी उठले आणि घरातलं केशर कोमट पाण्यात टाकून पाहिलं. खऱ्या केशराची काडी सावकाश पिवळा रंग सोडते आणि स्वतः तांबडीच राहते. आमच्या काड्यांनी मिनिटात पाणी लाल केलं आणि त्या पांढुरक्या पडल्या. म्हणजे मी गावाचं नाव चुकीचं लावलं होतं आणि मालही पारखून घेतला नव्हता, हळदीच्या घरची मुलगी असून. उरलेलं सगळं केशर फेकून दिलं. आमच्यासारख्यांना ते नुकसान मोठं होतं. तीन आठवडे श्रीखंड फक्त वेलदोड्याचं केलं. नवं लेबल आलं त्यावर काश्मीरचं केशर, इसेक्सचं दूध, असं साध्या अक्षरांत लिहिलं. ते आजही तसंच आहे.

त्या बाईंना मी पहिली नवी डबी नेऊन दिली. तेव्हापासून दर शनिवारी अकराच्या सुमाराला त्या स्टॉलमागच्या घडीच्या खुर्चीवर येऊन बसायच्या आणि गाव सांगायच्या. त्यातूनच आमच्या चिठ्ठ्या सुरू झाल्या. प्रत्येक डबीबरोबर हाताएवढा कागद, त्यावर या गावातल्या एका माणसाची गोष्ट. मजकूर मी लिहायचा, बाईंनी लाल पेननं तपासायचा.

पहिली चिठ्ठी हेन्री विन्स्टनलीची होती. मला अजूनही तीच सगळ्यांत आवडते. हा १६४४ साली या गावात जन्मला. जवळच्या ऑडली एंडच्या प्रचंड वाड्यावर तो नोकरीला होता, तांब्याच्या पत्र्यावर चित्रं कोरायचा आणि यांत्रिक गमतीजमती बनवायचा. कमावलेला पैसा त्यानं जहाजांत घातला. त्यातली दोन प्लिमथजवळच्या एडिस्टन खडकावर फुटली. नुकसान झालं म्हणून तो घरी बसला नाही. त्या खडकावर दीपगृह बांधतो म्हणाला. खवळलेल्या समुद्रात ओहोटीच्या थोड्या वेळात काम करायचं, असं करत करत १६९८ च्या नोव्हेंबरात दिवा लागला. मधेच फ्रेंच खलाशांनी त्याला धरून नेलं होतं. चौदाव्या लुईनं त्याला सोडून दिलं, कारण ते दीपगृह सगळ्यांच्याच जहाजांसाठी होतं. १७०३ च्या नोव्हेंबरातल्या महावादळात तो दुरुस्तीसाठी तिथेच होता. सकाळी खडकावर काहीच उरलं नव्हतं. दीपगृह उभं होतं त्या पाच वर्षांत एडिस्टनवर एकही जहाज फुटलं नाही. ही चिठ्ठी वाचून एक गृहस्थ स्टॉलसमोर डोळे पुसत होते. त्यांचे वडील नौदलात होते.

दुसरी चिठ्ठी गिब्सन घराण्याची. हे क्वेकर पंथाचे लोक. माल्ट आणि बिअरमध्ये पैसा केला, मग पेढी काढली. १८९६ साली वीस पेढ्या मिळून बार्कलेज झाली, त्यात यांचीही होती. चौकात आमच्या टेबलासमोर जे दगडी कारंजं आहे ते यांनीच दिलेलं. जॉर्ज स्टेसी गिब्सननं पेढी सांभाळून १८६२ साली इसेक्समधल्या वनस्पतींवर ग्रंथ लिहिला आणि १८६५ साली गावापर्यंत आगगाडीचा फाटा आणण्यात पुढाकार घेतला. हा फाटा १९६४ साली प्रवाशांसाठी बंद झाला. आता दोन मैलांवरच्या ऑडली एंड स्टेशनला जावं लागतं आणि पावसात सामान घेऊन जाताना मला दर वेळी त्या गिब्सनची आठवण येते.

हत्तीची चिठ्ठी मुलांसाठी केली. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात मुर्शिदाबादच्या नवाबानं पाठवलेली अंबारी मांडायची होती, पण ठेवायला हत्ती नव्हता. तेव्हा १८३५ साली उघडलेल्या वॉल्डनच्या संग्रहालयातला पेंढा भरलेला हत्ती नेला. हत्ती होता आफ्रिकेचा, अंबारी होती हिंदुस्थानची. शाळेतल्या मुलांना हे फार आवडतं.

आणि रॅब बटलर. १९२९ पासून १९६५ पर्यंत ते इथले खासदार होते. इंग्लंडमध्ये सगळ्या मुलांना माध्यमिक शाळा फुकट मिळाली ती त्यांच्या १९४४ च्या कायद्यामुळे. त्यांचा जन्म पंजाबातल्या अटकेचा. आपण ज्या अटकेपार झेंडे लावले म्हणतो ना, तीच अटक. लहानपणी तिकडेच घोड्यावरून पडून त्यांचा उजवा हात कायमचा अधू झाला. वडील सर माँटेग्यू बटलर मध्य प्रांताचे गव्हर्नर होते, म्हणजे नागपूरला. माझं आजोळ नागपूरचं. सेंट मेरीच्या आवारात बटलर यांची कबर आहे. तिथे उभी राहिले तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की या गावात मी अगदीच परकी नाही.

चिठ्ठ्यांसाठी लोक थांबायला लागले. चुका काढायला लागले, आपल्या आजीच्या गोष्टी सांगायला लागले आणि जाताना डबी घेऊन जायला लागले. कुणी सांगितलं की कॉमनवरच्या, म्हणजे गावच्या मोकळ्या मैदानावरच्या, गवती भूलभुलैयाची नोंद १६९९ पासूनची आहे आणि लहानपणी ते त्याच्या मैलभर वाटेवर शर्यती लावायचे. तीही चिठ्ठी झाली. २०१६ च्या दिवाळीच्या आठवड्यात आम्ही पहिल्यांदा दोनशे डब्या केल्या.

२०२० च्या टाळेबंदीत स्टॉल बंद पडला. यांनी सायकलला पेटी बांधली आणि आम्ही दारोदारी डब्या ठेवून यायला लागलो. चिठ्ठ्या बंद केल्या नाहीत. त्या वर्षीच्या सोळा चिठ्ठ्या बाईंनी फोनवरून तपासल्या, मी वाचायचे आणि त्या स्वल्पविराम सांगायच्या. २०२१ च्या जानेवारीत त्या गेल्या. त्यांची घडीची खुर्ची अजून स्टॉलमागे उघडून ठेवतो. त्यावर सामान ठेवत नाही.

२०२२ मध्ये चौकाजवळच्या त्या ओळींपैकी एका बोळात, लाकडी तुळयांच्या जुन्या घरात, दहा फुटांची जागा भाड्यानं मिळाली. आता रोज दुकान उघडतो, पण मंगळवार-शनिवारचा स्टॉल सोडलेला नाही. दोन बायका आणि शनिवारी एक शाळकरी मुलगी, एवढी आमची मंडळी. सांगलीहून भावानं पाठवलेली हळद आम्ही विकतो आणि पाकिटावर सांगलीचं नाव मोठं लिहितो, कारण ती खरोखर सांगलीची आहे. २०१८ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं त्याचा कागद बाबांनी कात्रण करून पाठवला होता. तो गल्ल्याच्या वर लावलाय.

दुकानामागे दोन हातांचं अंगण आहे. मागच्या जुलैत तिथे चुन्याची माती भरून आम्ही केशराचे चाळीस कंद लावले. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात तेरा फुलं आली. शाळकरी मुलीनं आणि मी सकाळी सातला खुडली, एकोणचाळीस काड्या निघाल्या, त्या चाळणीवर मंद आचेवर वाळवल्या. चिमूटभरही झालं नाही. एका काचेच्या कुपीत ते ठेवलंय, विकायला नाही. त्या कुपीला लावायची चिठ्ठी मी लिहून ठेवली आहे. ‘वॉल्डन केशर’, बस, एवढंच. लाल पेननं तपासणारं आता कुणी नाही, म्हणून मी ती तीनदा वाचली आणि मग चिकटवली.