पत्र्याची भोकं आणि गॅमा किरणांचा पत्ता

मे महिन्यात आठ दिवस गावाकडं होतो, वसमत तालुक्यात. दुपारी लाईट गेलेली, फॅन बंद, सगळे माळवदाच्या खोलीत पडलेले आणि मी अन् भाचा तेवढे पुढच्या पत्र्याच्या पडवीत घामाघूम. त्यानं एकदम विचारलं, "मामा, औंढ्याला ते लायगो होणारंय ना, तिथून तारे दिसतील का?"

म्हटलं नाही रे, तिथं दिसत काहीच नाही, दूर कुठं दोन मेलेले तारे धडकले की अवकाशाला जो हिसका बसतो तेवढा टिपतात. मग ओघात 17 ऑगस्ट 2017 ची गोष्ट निघाली. त्या दिवशी अमेरिकेतल्या लायगोला असाच हिसका जाणवला आणि पावणेदोन सेकंदांनी फर्मी नावाच्या दुर्बिणीला वर अवकाशात गॅमा किरणांचा, म्हणजे क्ष-किरणांहूनही जोरकस किरणांचा, झटका दिसला. धडक 13 कोटी प्रकाशवर्षं लांबची, आणि दोन्ही खबरा येतात पावणेदोन सेकंदांच्या फरकानं, मला तर अजूनही हे सांगताना काटा येतो.

"पण आला कुठून हे कसं कळलं?" पोरगं सोडतंय होय.

खरी गंमत इथंच आहे. गॅमा किरण काचेतून वळत नाहीत, साध्या आरशावर पाठवले तर आरपार निघून जातात, म्हणजे नेहमीच्या दुर्बिणीसारखा फोटो निघायचा प्रश्नच नाही. त्यात हवा त्यांना खाली येऊ देत नाही, म्हणून वर जावं लागतं. फर्मीवर यासाठी वेगवेगळ्या दिशांना तोंड केलेले 12 डिटेक्टर आहेत, कुणावर किती मारा झाला ते बघून दिशा काढतात. शेकोटीजवळ डोळे मिटून बसलं तरी कोणता गाल तापतोय त्यावरून जाळ कुठंय ते कळतंच की. पण गालाचा अंदाज तो गालाचाच, काही अंशांची चूक राहते, आणि तेवढ्या आभाळात गॅलेक्सी किती असतील ते मोजत बसा.

मग मी त्याला खालचे कवडसे दाखवले. आमचे पत्रे जुने, दोन-तीनदा काढून परत ठोकलेले, त्यामुळं खिळ्यांची भोकं कुठंही आहेत. खाली शेणानं सारवलेल्या जमिनीवर तीच नक्षी उमटते आणि ऊन कललं की अख्खी नक्षी सरकते. आमची आजी त्यावरूनच वेळ सांगायची, कवडसा उखळापाशी आला की चहा ठेवा. म्हणजे सूर्याकडं न बघता सूर्य कुठंय ते तिला माहीत असायचं.

2004 ला सोडलेल्या स्विफ्ट नावाच्या अवकाशयानावर हेच आहे बरं का! वर शिशाच्या 5 मिलिमीटरच्या चौकोनी टिकल्या, साधारण 52,000, मुद्दाम अस्ताव्यस्त बसवलेल्या, आणि मीटरभर खाली 32,768 बारीक डिटेक्टर. झटका आला की टिकल्यांची सावली खाली पडते, ती नक्षी किती सरकली ते कॉम्प्युटर जुळवून बघतो आणि पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढ्या चुकीत पत्ता काढतो, मग यान कुणाला न विचारता स्वतःच तिकडं वळतं, मिनिट-दीड मिनिटात, कारण हे झटके कधी दोन सेकंदांतच संपतात आणि मागं राहिलेली धग विझायच्या आत दुसऱ्या दुर्बिणींनी गाठायची असते. आपल्या अॅस्ट्रोसॅट उपग्रहावरच्या एका कॅमेऱ्यातही असाच सावली पाडणारा मुखवटा आहे, त्याच्या कामात मुंबईचं टीआयएफआर आणि पुण्याचं आयुका या दोन्ही संशोधन संस्था आहेत. हे मात्र आपल्याकडं फार कुणाला माहीत नसतं.

भाचा उठला आणि आतून पिठाची चाळणी घेऊन अंगणात गेला. परत आला तोंड पाडून. "मामा, चाळणी सरकवली तरी सावली सारखीच दिसायलीय."

मी खूश! कारण नेमकं तेच. चाळणीची भोकं एकसारखी, नक्षी एक घर सरकली काय न दोन घरं सरकली काय, ओळखू येत नाही. पत्र्याची भोकं वेडीवाकडी आहेत म्हणून ती एकाच जागी जुळतात. शिशाच्या टिकल्या अस्ताव्यस्त का, याचं उत्तर त्याला चाळणीनं दिलं, मी नाही.

तेवढ्यात आतून ताईचा आवाज आला, "चाळणी कोणी नेली रे उन्हात?" आणि मागोमाग आईचा, यंदा पावसाळ्याच्या आत हे पत्रे बदलायचेत म्हणून. भाचा म्हणाला, आज्जी, एक तरी राहू दे.