खापर कार्टर यांच्या माथी, श्रेय रेगन यांच्या पदरी

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक दर चार वर्षांनी होते. आर्थिक निर्णयांची फळे मात्र या वेळापत्रकाची वाट पाहत नाहीत. तरीही ज्याच्या कारकिर्दीत महागाई उतरली त्यानेच ती उतरवली, असे मतदार मानतात आणि पुढे इतिहासाची लोकप्रिय आवृत्तीही तेच सांगत राहते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडावी, असा हा प्रकार असतो. जिमी कार्टर आणि रोनाल्ड रेगन यांच्याबाबतीत तर एकाने फांदी जवळजवळ तोडत आणली होती आणि दुसरा तिच्यावर येऊन बसला.

कार्टर १९७७ मध्ये सत्तेवर आले तेव्हा महागाई आधीच मुरलेली होती. साठच्या दशकातील राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी व्हिएतनामचे युद्ध आणि मोठ्या सामाजिक योजना यांवर एकाच वेळी खर्च केला होता. त्यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी १९७१ मध्ये डॉलरचे सोन्याशी असलेले नाते तोडले आणि भाव व वेतन यांवर सरकारी नियंत्रणे लादून दुखणे काही काळ झाकून ठेवले. त्यात १९७३ आणि १९७९ या दोन्ही वेळी तेल भडकले. मार्च १९८० मध्ये अमेरिकेतील महागाईचा वार्षिक दर १४.८ टक्क्यांवर पोहोचला आणि त्याची सारी जबाबदारी साहजिकच त्या वेळी पदावर असलेल्या माणसावर येऊन पडली.

याच माणसाने ऑगस्ट १९७९ मध्ये फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेच्या अध्यक्षपदी पॉल व्होल्कर यांना आणले होते. या नेमणुकीमागे दूरदृष्टीपेक्षा घसरत्या डॉलरला सावरण्याची निकड अधिक होती, असे माझे मत आहे. परंतु व्होल्कर व्याजदर वाढवण्याच्या बाजूचे आहेत, हे कार्टर यांना ठाऊक नव्हते असे म्हणता येत नाही. ६ ऑक्टोबर १९७९ रोजी, शनिवारी, व्होल्कर यांनी जाहीर केले की यापुढे बँक व्याजदराचा आकडा सांभाळत बसण्याऐवजी पैशाच्या पुरवठ्यावर लगाम घालील. व्याजदर मग कुठे जायचे तिथे जातील, हा त्याचा अर्थ होता, आणि ते २० टक्क्यांच्या आसपास गेले.

औषध कडू होते आणि गुण यायला वेळ लागणार होता. नोव्हेंबर १९८० मध्ये मतदान झाले तेव्हा महागाई अजून १२ टक्क्यांच्या वर होती. चार वर्षांपूर्वीपेक्षा आज तुमचे बरे चालले आहे का, हा रेगन यांनी वादसभेत विचारलेला प्रश्न म्हणूनच वर्मी लागला. कार्टर यांना फक्त सहा राज्ये आणि राजधानीचा प्रदेश एवढेच जिंकता आले.

पुढची दोन वर्षे रेगन यांनाही सुखाची गेली नाहीत, ही गोष्ट आज फारशी आठवली जात नाही. घरबांधणी करणारे कंत्राटदार महागलेल्या कर्जांचा निषेध म्हणून व्होल्कर यांना लाकडाचे ठोकळे टपालाने पाठवत होते आणि १९८२ च्या अखेरीस बेरोजगारी १०.८ टक्क्यांवर गेली. त्या वर्षीच्या मध्यावधी निवडणुकीत रेगन यांच्या पक्षाने प्रतिनिधिगृहातील २६ जागा गमावल्या. पण १९८३ मध्ये महागाई सरासरी ३.२ टक्क्यांवर आली, १९८४ मध्ये अर्थव्यवस्था ७ टक्क्यांहून अधिक वेगाने वाढली, आणि त्याच वर्षी रेगन यांनी ४९ राज्ये जिंकली. रेगन यांचे समर्थक या साऱ्याचे श्रेय १९८१ च्या करकपातीला देतात. करकपातीने मागणी वाढली असेल, हे मान्य करता येईल. परंतु लोकांच्या हाती अधिक पैसा देऊन आणि सरकारी तूट वाढवून महागाई कशी उतरते, याचे समाधानकारक उत्तर मला तरी मिळालेले नाही.

निर्बंधमुक्तीची कथाही अशीच आहे. हा शब्द उच्चारला की रेगन आठवतात, पण विमानसेवेवरील भाडे आणि मार्गांची बंधने सैल करणारा १९७८ चा कायदा, तसेच मालमोटारी आणि रेल्वे यांच्यासाठीचे १९८० चे कायदे, या सर्वांवर सही कार्टर यांची आहे. मालवाहतूक स्वस्त होऊ लागली तोवर ते जॉर्जियात आपल्या गावी परतले होते.

कार्टर यांना निर्दोष ठरवण्याचा माझा हेतू नाही. मार्च १९८० मध्ये त्यांनी कर्जवाटपावर नियंत्रणे आणली, त्याने लोकांची खरेदी एकाएकी आटली, आणि घाबरून फेडरल रिझर्व्हने व्याजदर खाली येऊ देताच महागाईला पुन्हा श्वास घ्यायला जागा मिळाली. उलट रेगन यांचा खरा वाटा त्यांचे चाहते सांगतात त्याहून वेगळा आहे: १९८२ मध्ये स्वपक्षातूनही टीका होत असताना त्यांनी व्होल्कर यांना मोकळे सोडले. १९८३ मध्ये व्होल्कर यांची मुदत संपली तेव्हा रेगन यांनी कार्टर यांच्याच या निवडीला पुन्हा चार वर्षांसाठी नेमले. कार्टर यांच्या त्या निर्णयाला प्रतिस्पर्ध्याकडून मिळालेली याहून स्पष्ट पावती मला दिसत नाही.