घरकुलाचं पाणी

वैशाख, यवतमाळ जिल्हा

घरकुल बांधायच्या श्रमदानाला शहरातून पोट्टे येतात तेव्हा सगळ्यांना विटाच रचायच्या असतात. फोटोही त्याचाच चांगला निघतो. पण नवख्या हाताची एक ओळ ओळंब्याबाहेर गेली की मिस्त्रीला ती उकलून पुन्हा बांधावी लागते, आणि वाया गेलेला माल घरमालकाचा असतो. जुने मिस्त्री सरळ सांगतात, "भाऊ, तुमी पाण्याकडं पाहा, विटीचं मी पायतो." ते खरंच आहे. आपल्याकडे घरकुल बिघडतं ते बहुतेक पाण्यापायी. नको तिथे मुरलं, नाहीतर हवं तिथे पोचलंच नाही.

पहिला प्रश्न काळ्या मातीचा. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. दुमजली घराचं वजन हा फुगवटा काही प्रमाणात दाबून धरतं. दोन खोल्यांचं हलकं घर मात्र माती उचलते, तेही सगळीकडून सारखं नाही. मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते. म्हणून पाया मुरूम लागेपर्यंत खणायचा. चार-पाच फुटांवरही मुरूम लागला नाही तर पुढचं मिस्त्रीवर सोडू नये, अभियंत्याला जागेवर आणावं. खणलेली काळी माती पुन्हा जोत्यात, म्हणजे फरशीखालच्या उंचवट्यात, भरणं ही गावोगाव दिसणारी चूक. मुरमाच्या ट्रॉलीचे पैसे वाचतात आणि दोन पावसाळ्यांत फरशी उचकटते. मुरूमही एकदम दोन फूट ओतून चालत नाही. सहा-सहा इंचांचा थर, त्यावर पाणी, मग धुमस, म्हणजे थर ठोकून दाबायचं जड अवजार. अंगमेहनतीची हौस असेल त्याने धुमस धरावी, संध्याकाळपर्यंत फिटते.

जोत्याच्या बीममध्ये साधारणपणे चार सळ्या, १० किंवा १२ मिलिमीटरच्या, आणि सहा इंचांवर रिंग. सळीखाली विटेचा तुकडा ठेवतात, तो काढायला लावा. वीट ओल शोषते आणि सळी तिथूनच गंजते. त्याऐवजी सळीखाली ठेवायचे सिमेंटचे इंचभर जाडीचे ठोकळे, म्हणजे कव्हर ब्लॉक, आदल्या आठवड्यात पोरांनाच पाडता येतात.

आणि न्हाणी! घर झाल्यावर आंघोळीचं पाणी भिंतीला लागूनच सोडतात. एक कोपरा बारमाही ओला, बाकीचे तीन कोरडे. काळ्या मातीवर याहून वाईट काही नाही. घराभोवती तीन फूट रुंद, बाहेर उतार असलेली पट्टी आणि न्हाणीचं पाणी दूर नेणारी नाली, एवढं आराखड्यातच हवं.

प्रधानमंत्री आवास योजनेचं ग्रामीण घरकुल किमान २५ चौरस मीटरचं, स्वयंपाकाच्या जागेसह. सपाट भागासाठी मूळ अनुदान १ लाख २० हजार, तेही हप्त्यांनी. कामाचा टप्पा झाला, जागेवरचा फोटो चढला की पुढचा हप्ता. जुनं मातीचं घर पाडून कुटुंब ताडपत्रीखाली असतं आणि मृग जवळ आलेला असतो. त्या घाईत जोतं उरकलं जातं. मदतीला जायचं तर जोत्याच्या फोटोआधी जावं. शक्य तर जानेवारीतच काम उभं करावं. कापूस वेचणी ओसरलेली असते आणि विहिरीला पाणीही असतं.

मालाचं माप घमेल्यांनी होतं, कधी शिगोशीग, कधी अर्धं. त्यापेक्षा ४० × ३५ × २५ सेंटीमीटरची लाकडी पेटी करून घ्या. तिच्यात ३५ लिटर माल बसतो, म्हणजे बरोबर सिमेंटची एक बॅग. जोडाईला एक बॅग, सहा पेट्या वाळू. ओलसर वाळू फुगलेली असते, मापात पाचव्या हिश्श्यानेही जास्त दिसते. म्हणजे प्रत्येक घाण्यात, एका वेळी कालवलेल्या मालात, वाळू कमी पडते, सिमेंट अंदाजाआधी संपतं आणि उरलेली भिंत कमी सिमेंटवर निघते. एकाच घराच्या दोन भिंती अशा वेगवेगळ्या होतात. वाळूत माती किती, हे बाटलीत पाणी घालून, हलवून, दोन-तीन तास ठेवलं की कळतं. वर गाळाचा जाड थर बसला तर ती वाळू चाळून नाही, धुऊनच वापरावी.

भट्टीची लाल वीट बुडबुडे थांबेपर्यंत टाक्यात बुडवायची. कोरडी वीट सिमेंट-वाळूच्या मसाल्यातलं पाणी ओढून घेते, आणि मग बोटाने सांधा उकरला तरी भुकटी पडते. वीजकेंद्राच्या राखेची वीट मात्र भिजत घालू नये, वरून शिंपडलं की पुरे.

आता खरं काम. इथे मिळणारं बहुतेक सिमेंट त्याच राखेचं, राखमिश्रित असतं, त्याला निदान दहा दिवस ओल हवी. पंचेचाळीस अंशांत सकाळ-संध्याकाळ पाइप मारून भागत नाही, दुपारी भिंत कोरडीठाक होते. बारदाना लटकवून तोच ओला ठेवायचा. स्लॅबवर आळी बांधून दोन इंच पाणी भरायचं. २५ चौरस मीटरला ते सुमारे साडेबाराशे लिटर होतं. दिवसाला एक सेंटीमीटर उडालं तरी रोज अडीचशे लिटर वरून घालावं लागतं. हे पाणी कोण आणतं? घरातली बाई, हापशीवरून. स्वयंसेवकांनी दहा दिवसांची पाळी लावून हे एक काम उचललं तरी पुष्कळ. शनिवार-रविवारी वीस जण येतात आणि मधले पाच दिवस स्लॅब उन्हात तापतो, त्यापेक्षा रोज दोघं आलेले बरे.

सेंट्रिंग, म्हणजे स्लॅबखालच्या फळ्या आणि टेकू, भाड्याचं असतं आणि भाडं रोज चढतं, म्हणून आठव्या दिवशीच टेकू निघतात. राखमिश्रित सिमेंट सावकाश ताकद धरतं. चौदा दिवस तरी टेकू हलवू नयेत. तेवढ्या जादा आठवड्याचं भाडं श्रमदानाच्या बॅनर आणि टोप्यांच्या खर्चातून सहज निघू शकतं.