युनिव्हर्सल क्रेडिट आणि घरभाड्याची तूट: माझा अनुभव

मी इंग्लंडमध्ये मिडलँड्सच्या एका शहरात राहते. एका शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी करते आणि दोन मुलींना एकटी वाढवते. एका पगारात भागत नाही, म्हणून टॅक्स क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना मिळणारी सरकारी मदत) आणि हाउसिंग बेनिफिट (भाड्यासाठीची मदत) मिळायचं. 2024 च्या उन्हाळ्यात 'मायग्रेशन नोटीस' आली. तीन महिन्यांत युनिव्हर्सल क्रेडिटचा, म्हणजे या जुन्या मदतींच्या जागी आलेल्या एकत्रित सरकारी मदतीचा, अर्ज करा, नाहीतर सध्याची मदत बंद होईल, असं त्यात होतं. आमच्या मंडळातल्या आणखी दोघीतिघींना तेच पत्र आलं होतं, आणि प्रत्येकीला काळजी एकच, भाड्याचं काय होणार?

माझं भाडं महिन्याला 925 पाउंड. मी सिटिझन्स अ‍ॅडव्हाइसच्या 'हेल्प टू क्लेम' या मोफत सल्लासेवेला फोन केला. तिथल्या बाईंनी पहिल्यांदाच मला नीट समजावलं की तूट दोन प्रकारची असते. एक सुरुवातीची, म्हणजे नवे पैसे येईपर्यंतची. दुसरी कायमची, म्हणजे मदत आणि भाडं यांतला फरक. पहिलीसाठी उसने घेता येतात, दुसरीसाठी कधीच घेऊ नयेत, हे त्यांचं वाक्य मी अजून सगळ्यांना सांगते.

सुरुवातीची तूट अशी पडते. अर्ज केला त्या तारखेपासून एक महिना मोजतात आणि तो संपल्यावर साधारण आठवड्याभरात पैसे येतात. म्हणजे पाच आठवडे हात कोरडे. पण हाउसिंग बेनिफिट अर्जानंतर आणखी दोन आठवडे चालू राहतं आणि ते परत द्यावं लागत नाही. ही गोष्ट खूप जणांना माहीतच नसते. उरलेल्या भाड्यापुरता मी युनिव्हर्सल क्रेडिटमधूनच आगाऊ रक्कम, म्हणजे अ‍ॅडव्हान्स घेतला. पूर्ण महिन्याचा मिळत होता, पण तो बिनव्याजी असला तरी कर्जच आहे, पुढे दर महिन्याला कापून घेतात. फेड दोन वर्षांपर्यंत लांबवता येते.

अर्जाची तारीखही मी विचार करूनच निवडली. पैसे पुढे दर महिन्याला त्याच सुमारास येतात. भाडं 1 तारखेला जातं, म्हणून 20 च्या आसपास अर्ज केला, म्हणजे पैसे 26-27 ला खात्यात पडतात. मुदतीच्या आत बसत असेल तर एवढं जरूर बघा. आणि कौन्सिल टॅक्सची (स्थानिक पालिकेच्या घरपट्टीसारख्या कराची) सवलत युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये येत नाही. ती कौन्सिलकडे वेगळी मागावी लागते.

पहिलं स्टेटमेंट आलं तेव्हा भाड्याच्या ओळीत 800 पाउंड होते. उरलेले सव्वाशे कुठे गेले? खाजगी घराला मदत भाड्याइतकी मिळत नाही. लोकल हाउसिंग अलाउन्सच्या दराइतकी, आणि भाडं त्याहून कमी असेल तर भाड्याइतकीच मिळते. तो दर ठरवताना त्या भागातली सगळ्यात स्वस्त 30 टक्के घरं जिथवर येतात ती रेघ धरतात. एप्रिल 2024 मध्ये दर वाढवले आणि पुन्हा गोठवले. घरमालकांची भाडी काही गोठलेली नाहीत. माझ्या मते सगळ्या दुखण्याचं मूळ इथे आहे, आणि ते आपल्या काटकसरीनं बरं होणारं नाही.

खोल्यांचाही हिशोब आहे. सोळा वर्षांखालच्या दोन बहिणींनी एका खोलीत राहायचं, असा नियम आहे. म्हणून मला दोन बेडरूमचाच दर लागू झाला.

या फरकासाठी कौन्सिलकडे डिस्क्रिशनरी हाउसिंग पेमेंट मागता यायचं. भाड्यासाठीची मदत ज्यांना मिळायची त्यांनाच ते मागता यायचं. हक्क म्हणून मिळत नव्हतं, कौन्सिलला पटलं तर मिळायचं. फॉर्ममध्ये महिन्याचा जमाखर्च लिहायचा असायचा: किराणा, वीज-गॅस, बसपास, शाळेचे बूट, सगळं. साताऱ्याला आईच्या औषधांसाठी पाठवते ते पैसेही मी लिहिले, कारण बँक स्टेटमेंटमध्ये ते दिसतातच. बरोबर भाडेकरार, युनिव्हर्सल क्रेडिटचं स्टेटमेंट आणि एक पत्र जोडलं. थोरलीचं जीसीएसईचं (इथल्या दहावीसारख्या परीक्षेचं) वर्ष आहे, आत्ता घर बदललं तर शाळा बदलेल, आणि स्वस्त घर शोधलं पण मिळालं नाही, असं त्यात लिहिलं. शोधलेल्या घरांची यादीही दिली. सहा महिन्यांसाठी मंजुरी आली. नंतर पुन्हा अर्ज केला, तोही मंजूर झाला. एप्रिल 2026 पासून इंग्लंडमध्ये या मदतीची जागा 'क्रायसिस अँड रेझिलियन्स फंड'नं घेतली आहे, तेव्हा नव्यानं मागणाऱ्यांनी कौन्सिलकडे त्या नावानं चौकशी करावी.

एक गोष्ट आपल्या लोकांसाठी मुद्दाम सांगते. बचत आणि मालमत्ता विचारतात तेव्हा भारतातलीही सांगायची असते. गावाकडे सातबाऱ्यावर नाव असेल, पुण्यात फ्लॅटमध्ये हिस्सा असेल, तर सल्लागाराला आधीच दाखवा. 16,000 पाउंडांच्या वरच्या मालमत्तेवर सहसा मदत मिळत नाही. टॅक्स क्रेडिटवरून आलेल्यांना त्यात वर्षभराची सूट होती. आणि ज्यांच्या व्हिसावर सरकारी मदतीला मनाई लिहिलेली आहे त्यांनी आधी इमिग्रेशनच्या जाणकाराला विचारल्याशिवाय कसलाच अर्ज करू नये.

आता माझ्या हिशोबातली सगळ्यात अवघड ओळ, 'ट्रान्झिशनल प्रोटेक्शन'. नोटिशीच्या मुदतीत अर्ज केला आणि नवी मदत जुनीपेक्षा कमी भरली, तर फरक भरून देतात. मला साधारण 60 पाउंड मिळाले. पण ती रक्कम टिकत नाही. एप्रिल 2025 मध्ये भत्ते 1.7 टक्क्यांनी वाढले, माझे मिळून 17 पाउंड. तेवढेच त्या 60 मधून वजा झाले. घरमालकाचं भाडं वाढो, महागाई वाढो, ही रक्कम संपेपर्यंत आपल्या हातात वाढ अशी येत नाही. चाइल्डकेअरचा भाग वाढला तर मात्र ती कापत नाहीत.

थोरली आता सोळा वर्षांची होईल. त्या दिवसापासून तिला वेगळी खोली धरतात, म्हणजे तीन बेडरूमचा दर. तो माझ्या भाड्याहून जास्त आहे, त्यामुळे भाड्याच्या ओळीत पूर्ण 925 येतील. कागदावर तूट संपेल आणि कौन्सिलची मदतही थांबेल. पण वाढलेल्या सव्वाशेमधून आधी ट्रान्झिशनल प्रोटेक्शनचे उरलेले 43 पाउंड (60 वजा 17) वजा होतील, हातात 82 च पडतील. म्हणून घरमालकाशी नव्या करारात भाडं किती वाढवायचं हे बोलताना मी 125 नाही, 82 धरून बोलते आहे. वाढदिवसाच्या दिवशीच युनिव्हर्सल क्रेडिटच्या ऑनलाइन खात्यातल्या जर्नलमध्ये बदल लिहून ठेवणार आहे. मुलीचं वय त्यांच्याकडे आहेच, तरी लेखी नोंद आपल्या बाजूनं असलेली बरी.